तीन दातांची आमरी

गेल्या महिन्यात मापं तपासायच्या आमच्या स्टँडर्ड रूममधला जुना प्रोफाइल प्रोजेक्टर भंगारात गेला. चाकणच्या या कंपनीत मी लागले त्याच्याही आधीपासून तो तिथे होता. कपाटाएवढा उंच, हिरवट राखाडी, आणि छातीच्या उंचीवर परातीएवढी गोल दुधी काच. खाली एखादा पार्ट ठेवायचा, दिवा लावायचा, की त्या पार्टची सावली वीसपट मोठी होऊन काचेवर पडायची. मग आम्ही सावलीच्या कडा मोजायचो. आता कॅमेऱ्याचं नवं मशीन आलंय. ते सावली पाडत नाही, सरळ आकडे सांगतं.

भंगारवाल्याची चार माणसं दोर लावून त्याला ओढत होती. गेटवरच्या सिक्युरिटीने टॉर्च मारून त्याचं पोट तपासलं, आत काही लपवून नेत नाहीत ना म्हणून. त्या गडबडीत दिव्याच्या खणाचं झाकण निघालं आणि तापून तापून करपलेल्या धुळीचा वास आला. इतरांना तो धुळीचाच आला असणार. मला मात्र त्यात ओल्या शेवाळाचा वासही आला. त्या काचेवर मी एकदा एका फुलाची सावली पाहिली होती. तेव्हा जगातल्या कुठल्याही पुस्तकात त्या फुलाला नाव नव्हतं.

मी बॉटनी घेऊन बी.एस्सी. झाले. वडील परभणीकडून फाउंड्रीत कामाला आलेले, आम्ही काळेवाडीत दोन खोल्यांत राहायचो. बॉटनी म्हणजे औषधाच्या दुकानात बसायचं शिक्षण, असं त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं. नोकरी लागली ती इन्स्पेक्शनमध्ये. दिवसभर लोखंडाच्या कडा तपासायच्या, मशीनवर सोडायच्या कूलंटच्या आंबूस वासात डबा खायचा. पानाफुलांचं सगळं विसरत चालले होते. तशात एका संध्याकाळी भाजीबाजारात तांबोळी सर दिसले. कॉलेजात त्यांनी मला तीन वर्षं शिकवलं होतं. आता रिटायर झाले होते. अळूची जुडी हातात धरून ते पानाला भिंग लावून बघत होते, आणि भाजीवाली चिडली होती.

"घ्यायची तर घ्या काका. किडे काय शोधताय?"

"किडे नाहीत बाई, शिरा बघतोय," सर म्हणाले. तिला काही ते पटलं नाही. तिने जुडी ओढून घेतली.

सरांनी मला नावानिशी ओळखलं. कुठे काम करते, काय मोजते, सगळं विचारलं. मग म्हणाले, "गुरुवारी सुट्टी असते ना तुम्हा कंपनीवाल्यांना? ये डोंगरावर. माझे डोळे गेलेत आता. लहान फुलं दिसत नाहीत."

असे आमचे गुरुवार सुरू झाले. पहाटेची बस चाकणला, तिथून खेड, खेडहून पश्चिमेला डोंगरात जाणारी एसटी. बाकीचं जग गुरुवारी कामावर असायचं. एसटीत आम्ही दोघं, दुधाचे रिकामे कॅन, आणि बाजारातून परतणाऱ्या दोन-चार बाया. खेड सुटलं की 'एनए प्लॉट' असे बोर्ड लागायचे, मग ते विरळ व्हायचे, मग नुसती भातखाचरं. खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याचा वास बदलायचा. डिझेल, शेणखत, ओली माती, आणि घाट चढला की हिरड्याच्या झाडांचा तुरट, गार वास. सर डोळे मिटून बसलेले असायचे आणि वासावरून सांगायचे, "आलो."

सरांच्या घराण्याचं चिंचवडगावात पानाचं दुकान होतं. चार पिढ्या पानं विकण्यात गेल्या, पाचवी पानं शिकवण्यात. त्यांच्या पिशवीत एक पितळी डबा असायचा, आत ओलं केलेलं सुती फडकं. त्यात अर्ध्या भागात विड्याची पानं आणि अर्ध्या भागात डोंगरावरून आणलेली काडी-फांदी. "पान ओलं ठेवायचं पण भिजू द्यायचं नाही," ते म्हणायचे. "हे कॉलेजात नाही शिकवता येत, बेटा." आणलेलं रोप जुन्या वर्तमानपत्रात दाबून ठेवायचे, रोज कागद बदलायचे. कधी मराठी पेपर, कधी उर्दू. एखाद्या पाकळीवर उलटी अक्षरं उमटायची. ती पुसायची नाहीत, असा त्यांचा नियम होता.

डोंगराच्या माथ्यावर पाच-सहा घरांची वाडी होती. शेवटचं घर ठकूबाईंचं. साठीच्या असतील तेव्हा. बारीक अंगाच्या, नऊवारीचा काष्टा घट्ट, कमरेला कायम कोयता. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला बांधावरच अडवलं.

"कुठनं आलाय?"

"चाकणहून," मी म्हणाले. तेवढं बोलायला नको होतं. त्यांचा चेहरा दार लावल्यासारखा बंद झाला. त्यांचं माहेर धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं आणि बहिणीची जमीन चाकणच्या कंपन्यांखाली. हे मला पुढे कळलं. तेव्हा फक्त माझ्या हातातल्या व्हर्नियरकडे, जाडी मोजायच्या त्या लोखंडी पट्टीकडे, रोखलेली नजर दिसली. कंपनीतल्या सवयीने मी तो पिशवीत टाकून आणला होता.

"मोजायला आलाय व्हय?"

"नाही आजी, झाडं बघायला आलोय."

"झाडं बघाया कोन येतं? आदी झाडं बघत्यात, मंग जमीन बघत्यात."

सरांनी पितळी डबा उघडून त्यांना पान दिलं. त्यांनी ते उलटंपालटं करून बघितलं, हुंगलं, आणि कनवटीला खोचलं. खाल्लं नाही. त्यानंतर दर गुरुवारी हेच व्हायचं. आम्ही झाडांच्या खोडांना भिंग लावून फिरायचो, आणि वीस पावलं मागे ठकूबाई कोयता घेऊन बसलेल्या असायच्या. पाणी मात्र न मागता द्यायच्या. तांब्या पुढे करायच्या आणि आम्ही पाणी पिताना पिशव्यांकडे बघायच्या.

आता आठवतं तर त्या दिवसांत सगळेच कुणा ना कुणाकडे असं बघत होते. कंपनी आमच्या पिशव्यांकडे बघायची. आई माझ्या गुरुवारांकडे बघायची. "म्हाताऱ्या मास्तरबरोबर डोंगरात काय असतं गं एवढं?" सर तर आपल्याच क्षेत्रातल्या माणसांवर विश्वास ठेवत नव्हते. तरुणपणी त्यांनी हौसेने दाखवलेलं एक गवत दुसऱ्याच कुणाच्या नावावर छापून आलं होतं. तेव्हापासून ते काही सापडलं तरी आधी मागे वळून बघायचे.

सापडलं ते श्रावणातल्या एका गुरुवारी. ढग इतके खाली आले होते की हिरड्यांच्या शेंड्यांतून पाणी थेंबाथेंबाने नुसतं निथळत होतं, पाऊस पडत नसतानाही. ठकूबाईंच्या घरामागे एक जुना हिरडा होता. त्याच्या उत्तरेकडच्या आडव्या फांदीवर शेवाळात सदऱ्याच्या बटणांसारखे चपटे कंद चिकटलेले मला दिसले. प्रत्येक कंदाला दोन पानं आणि त्यांच्या मधून निघालेली केसासारखी काडी. काडीवर तीन-तीन फुलं. ज्वारीच्या दाण्याहून लहान, पिवळट हिरवी, आत जांभळी रेघ. वास घ्यायला नाक अगदी टेकवावं लागलं. भिजवलेल्या धण्यांसारखा वास होता.

"सर, आमरी," मी म्हणाले. आमच्याकडे ऑर्किडला आमरीच म्हणतात.

सर फांदीखाली आले. भिंग लावलं. मी पिशवीतून वही काढून नाव लिहायला थांबले, कारण सर नाव सांगायचे आणि मी लिहायचे, असाच आमचा रिवाज होता. बराच वेळ गेला. त्यांच्या कानामागून पाणी ओघळत होतं.

"लिहू नकोस," ते म्हणाले. "हिचं नाव मला येत नाही."

तीन वर्षं त्यांच्या वर्गात बसून हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. मी पेनाला टोपण लावलं.

मागून ठकूबाई म्हणाल्या, "ते बांडगूळ हाय. पायजे तर न्या की."

"बांडगूळ नाही ठकूबाई," सर म्हणाले. "बांडगूळ झाडाचं रक्त पितं. ही नुसती बसते. हवा खाते, पाणी पिते." बोलता बोलता त्यांनी काडीकडे हात नेला. हात थरथरत होता.

ठकूबाई उठून जवळ आल्या. "थांबा. एवढ्याशा फुलाला मास्तरचा हात कापतोय व्हय?"

तिथेच चुकलं. खरं सांगायला हवं होतं. सर म्हणाले, "काही नाही, अभ्यासाला हवंय." आणि खोटं बोलणारा माणूस ओळखायला ठकूबाईंना भिंग लागत नव्हतं.

"एकच काडी," त्या म्हणाल्या. "आन कागद करायचा न्हाई."

"कागद झाला तर फुलाचा होईल. जमिनीचा नाही होणार."

"कागद जमिनीचाच असतो, मास्तर."

ती एक काडी पितळी डब्यातून खाली आली. तीन फुलं. एक सरांनी स्पिरिटच्या बाटलीत ठेवलं, एक काडीसकट कागदात दाबलं. नवी जात आहे असं म्हणायचं तर फुलाचा भाग न् भाग उलगडून, मोजून, चित्र काढून दाखवावा लागतो. तिच्या जवळच्या जातींहून ती वेगळी कशी, हे सिद्ध करावं लागतं. सरांच्या घरच्या मायक्रोस्कोपच्या काचेला बुरशी लागली होती. कॉलेजात गेलं की रजिस्टरमध्ये कारण लिहा म्हणायचे, आणि कारण लिहायला सर तयार नव्हते.

"तुमच्याकडे ते सावलीचं मशीन आहे ना?" त्यांनी विचारलं.

म्हणून तिसरं फूल माझ्या जेवणाच्या डब्यात, पोळीच्या कप्प्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून कंपनीत आलं. दुपारी सगळे कॅन्टीनला गेल्यावर मी स्टँडर्ड रूमचं दार लोटलं. तिथे एसी कायम चालू असायचा, कारखान्यातल्या प्रेसचा धप्प धप्प आवाज भिंतीतून दबून यायचा. सुईने फुलाचा ओठ वेगळा केला. आमरीची एक पाकळी इतरांहून वेगळी असते, खाली लोंबलेली, तिलाच ओठ म्हणतात. तो काचपट्टीवर ठेवला आणि दिवा लावला.

गोल काच हिरवट उजळली आणि मधोमध ती सावली आली. तळव्याएवढी. ओठाच्या काठाला तीन दात होते. मधला आखूड, बाजूचे दोन आतल्या बाजूला वळलेले. जवळच्या जातींच्या ओठाची कड साधी, क्वचित दोन दात, असं सरांनी पुस्तकात दाखवलं होतं. मी दात परत मोजले. परत मोजले. लोखंडाच्या गिअरचे दात मोजण्यात माझी पाच वर्षं गेली होती, पण असे दात कुठल्याच ड्रॉइंगमध्ये नव्हते. काचेवर ट्रेसिंग पेपर लावून मी ती कड गिरवून घेतली. शेजारी माप लिहिलं.

संध्याकाळी गेटवर बॅग तपासताना सिक्युरिटीच्या हाती तो कागद लागला. लातूरकडचा माणूस होता, रोज हसून बोलायचा. त्या दिवशी हसला नाही.

"मॅडम, हे कोणत्या पार्टचं ड्रॉइंग आहे?"

"पार्ट नाही. फूल आहे."

त्याने कागद उजेडाकडे धरला. "फुलाला मायक्रॉनमधी माप असतंय का?"

कागद मॅनेजरकडे गेला. ड्रॉइंग बाहेर नेणं हा आमच्याकडे मोठा गुन्हा. दोन दिवस ते तीन दात कुठल्या पार्टचे, हे शोधण्यात डिझाइनची माणसं गुंतली होती. शेवटी तसा पार्ट कंपनीत नाही असं ठरलं. कागद परत मिळाला, सोबत ताकीद देणारं पत्रही मिळालं. पुढे वर्षभर गेटवर माझा डबा उघडून बघायचे. पोळी उचलून बघायचे.

सरांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. आम्ही हसलेलो ते शेवटचं. त्याच दिवशी चहा पिता पिता मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली होती, अगदी सहज. आळंदी रस्त्यावरच्या एका नर्सरीवाल्याने मला विचारलं होतं, डोंगरात जाता तर जंगली आमरी आणून द्या, बंगलेवाले हौसेने घेतात. सरांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "तू काय म्हणालीस?" मी म्हणाले, "काय म्हणणार? हसले." त्यांनी मान डोलावली.

श्रावणाचे उरलेले गुरुवार सरांनी लेख लिहिण्यात घातले, आम्ही डोंगरावर गेलो नाही. भाद्रपद अर्धा झाला तरी सरांचा फोन आला नाही. मी केला तर त्यांची मुलगी म्हणाली, "अब्बा झोपलेत." परत केला तर, "बाहेर गेलेत." दोन गुरुवार मी घरीच बसून काढले. नवरात्र आलं. खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा झाली, प्रोजेक्टरलाही झेंडूची माळ घातली, काचेवर कुंकवाचं बोट लावलं. ते बघून मला राहवलं नाही. प्रसादाचे पेढे घेऊन मी सरळ चऱ्होलीला गेले. सर तेव्हा नुकतेच तिथे मुलीच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले होते. खाली अजून वाळूचे ढीग होते, वरच्या मजल्यांवर टाइल कापायचा कर्कश आवाज चालू होता.

सर नमाज पढत होते. मुलीने मला बाहेरच्या खोलीत बसवलं. टेबलावर टाइप केलेल्या कागदांचा गठ्ठा होता. वरच्या पानावर इंग्रजीत शीर्षक, नवी जात, उत्तर सह्याद्री, वगैरे. खाली दोन नावं. पहिलं सरांचं. दुसरं माझं, आणि माझ्या नावावर निळ्या शाईची सरळ रेघ.

ती रेघ मी किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. घाईत मारलेली नव्हती, पट्टी लावून मारलेली होती. मी पेढे टेबलावर ठेवले आणि चहा न घेता निघाले. बस मिळेना म्हणून रिक्षा केली. वाटेत इंद्रायणीच्या पुलावर रिक्षा अडकली. घाटावरच्या देवळात कुणी मुलं पखवाजाचा सराव करत होती, एकच बोल परत परत. माझ्या डोक्यातही एकच चाललं होतं. ज्याचं गवत चोरलं गेलं, त्यानेच आता माझं फूल चोरलं.

पुढच्या गुरुवारी मी एकटीच डोंगरावर गेले. मनात काय होतं ते आता सांगायला लाज वाटते. रोप घेऊन दुसऱ्या कुणा शास्त्रज्ञाकडे जायचं, असं ठरवलं होतं. ढग गेले होते, कडेला सोनकीची पिवळी फुलं पसरली होती, भाताचा दुधाळ वास येत होता. ठकूबाईंच्या घरामागे गेले आणि थबकले.

उत्तरेकडची ती फांदी नव्हती. खोडाशी फक्त हाताएवढा कापलेला खुंट, वरून काळसर पडलेला. खाली जमिनीवर शेवाळसुद्धा नव्हतं.

ठकूबाई दारात बाजारात विकायचे हिरडे निवडत होत्या.

"आजी, फांदी कुठे गेली?"

"वाऱ्यानं मोडली."

"ही मोडलेली नाही. तोडलीय."

त्या खाली मान घालून हिरडे निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझा मास्तर येऊन गेला की. येकलाच. इथंच हुभा व्हता लई येळ."

मला एवढंच ऐकायचं होतं. सर एकटे आले, माझ्या नकळत आले, आणि आता फांदी नव्हती. बाकीचं मी माझ्या मनाने जोडलं. परतीच्या एसटीत मी सरांचा नंबर फोनमधून काढून टाकला.

ते वर्ष कसं गेलं याचं फारसं काही आठवत नाही. गुरुवारी मी कपडे धुवायचे, आईबरोबर बाजारात जायचे. डोंगराकडून ढग आले की खिडकी लावून घ्यायचे. सरांचे दोन फोन आले होते, नंबर पाठ असल्यामुळे कळलं. उचलले नाहीत.

पुढच्या पावसाळ्यात कंपनीच्या पत्त्यावर माझ्या नावाने एक जाड पाकीट आलं. गेटवर ते माझ्यासमोर फोडलं. आत छापील लेख होता, सहा पानांचा. चौथ्या पानावर माझं ट्रेसिंग, जसंच्या तसं, तीन दात. पहिल्या पानावर दोन नावं. सरांचं आणि माझं. रेघ नव्हती. जातीला त्यांनी लॅटिन नाव दिलं होतं, त्याचा अर्थ लपून राहणारी. आणि सापडल्याची जागा या सदरात फक्त 'पुणे जिल्ह्याचा पश्चिम भाग, खासगी मालकीची जमीन' एवढंच. गावाचं नाव नाही, वाडीचं नाही, हिरड्याचं तर नाहीच.

सिक्युरिटीवाला लातूरकर खांद्यावरून वाकून बघत होता. "अरे, हे तर ते ड्रॉइंग," तो म्हणाला. "खरंच फूल होतं म्हणा की."

त्याच संध्याकाळी मी चऱ्होलीला गेले. सरांनी दार उघडलं. वर्षभरात ते बरेच वाळले होते. आम्ही समोरासमोर बसलो. मी म्हणाले, "सर, मी तुमच्यावर संशय घेतला. माझं नाव खोडलेलं बघितलं होतं मी. फांदी तुम्हीच तोडून नेली असं वाटलं मला."

सर खिडकीबाहेर बघत होते. "मी रोपं मोजायला गेलो होतो," ते म्हणाले. "लेखात द्यावं लागतं, किती रोपं आहेत ते. गेलो तर फांदीच नव्हती. मला वाटलं, तू नर्सरीवाल्याला दिलीस."

टाइल कापायचा आवाज बंद झाला होता. त्या मजल्यांवर आता दिवे लागले होते, माणसं राहायला आली होती.

"मग परत माझं नाव का घातलंत? तेव्हा तर तुम्हाला खरं काय ते माहीत नव्हतं."

"आजही माहीत नाही," सर म्हणाले. "तू आत्ता सांगतेस म्हणून मानायचं. पण नाव घालायला विश्वास कशाला लागतो, बेटा? ते दात तू मोजलेस. तेवढं खरं होतं."

मग ते उठले आणि पितळी डबा घेऊन आले. मला पान दिलं. मी ते तिथेच खाल्लं.

फांदी कुणी तोडली, हे आम्ही पुढे कितीतरी वर्षं एकमेकांना विचारत राहिलो. नर्सरीवाला? मोळीवाले? एखादा प्रवासी? सरांचे गुडघे गेले, डोंगर सुटला. ज्या जातीला आम्ही नाव दिलं ती जगात आहे की आमच्या नाव देण्याआधीच संपली, तेही ठाऊक नव्हतं. सर कधीकधी मध्येच म्हणायचे, "एका बाटलीत एक फूल, एका कागदावर तीन दात. एवढ्यावर आपण म्हटलं, ही आहे." मोठं नाव झालं नाही, कुणी हार घातला नाही. मी अजून त्याच कंपनीत आहे.

प्रोजेक्टर गेला त्याच्या दुसऱ्या गुरुवारी मी एसटीत बसले. श्रावणच होता. घाटाच्या पायथ्याशी आता रिसॉर्टच्या कमानी झाल्यात, पण माथ्यावरचा वास तसाच. ठकूबाई ओट्यावर बसल्या होत्या. कमरेचा कोयता गेला होता, हातात काठी आली होती. मला वाटलं, ओळखणार नाहीत.

"मोजाया आलीस व्हय?" त्या म्हणाल्या, आणि तोंडभर हसल्या. दात पार गेले होते.

मी जवळ बसले. त्यांनी मास्तर कसे आहेत विचारलं, मी गुडघ्यांचं सांगितलं. चुलीच्या धुराचा आणि भिजल्या घोंगडीचा वास दारातून येत होता. मग त्या म्हणाल्या, "फांदी मीच तोडली व्हती."

"तुम्ही?" मी विचारलं.

"मास्तरचा हात कापला तवाच कळलं, हे काय तरी मोठं हाय. उद्या जंगलवाले येतील, पाटी लावतील, म्हनतील ह्या हिरड्याला हात लावू नका. आमी मंग खायचं काय? हिरडा हाय म्हनून चूल हाय. तुमी गेला तसं दुसऱ्या दिशी कोयता घातला."

"मग आता कशाला सांगताय आजी?"

"दर पावसाळ्याला वाट बगितली. कोन येतंय, कोन येतंय. कोनीच आलं न्हाई. मंग म्हनलं, ह्यांनी सांगितलं न्हाई कुनाला." त्या काठी टेकून उठल्या. आतून एक धुतलेलं फडकं घेऊन आल्या. "चल, दावते. पर डोळं बांधीन."

मला वाटलं थट्टा करताहेत. पण त्यांनी माझ्या मागे येऊन फडक्याची गाठ खरंच मारली, घट्ट, दोनदा. "बघायचं ते बघ. वाट बघू नगं."

त्यांच्या काठीचं दुसरं टोक धरून मी चालत राहिले. डोळ्यांपुढे अंधार. पायाखाली आधी शेण सारवलेलं अंगण, मग चिखल, मग दगड. डाव्या कानाला ओढ्याचा आवाज आला, मग तो मागे गेला, मग परत उजव्या कानाला आला. म्हातारी मला मुद्दाम फिरवत होती. कारवीची ओली पानं हाताला घासत होती. कुठेतरी वर शीळकरी कस्तूर गात होता. एके ठिकाणी त्या थांबल्या, माझं डोकं दाबून खाली वाकवलं, आणि आम्ही कशाच्या तरी खालून आत शिरलो. तिथे हवा गार होती, आणि नाक टेकवायची गरजही नव्हती. भिजल्या धण्यांचा वास सगळीकडे होता.

त्यांनी गाठ सोडली.

तीन झाडं होती. जुनी, वाकडी, शेवाळाने माखलेली. फांद्यांना जागोजागी कसल्या तरी सालीच्या दोऱ्या होत्या, कुजून काळ्या पडलेल्या, आणि त्या दोऱ्यांच्या खुणेवरून कंदांच्या माळा खोडांवर पसरत गेल्या होत्या. फुलंच फुलं. ठकूबाईंनी तोडलेली फांदी तुकडे करून आणून बांधली होती. चुलीत नव्हती घातली.

"का ठेवलीत आजी?" मी विचारलं.

"मास्तर म्हनला व्हता ना, नुसती बसते म्हनून. कुनाचं काय खात न्हाई." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मंग म्हनलं, बसू दे."

मी फोन काढला नाही. त्या माझ्या हातांकडे बघत होत्या, म्हणून नव्हे. काढावासा वाटला नाही. मी फांद्यांजवळ उभी राहून बोटाने, न लावता, मोजत गेले. त्या थांबल्या. मोजणं संपल्यावर त्यांनी परत डोळे बांधले आणि आणखी लांबच्या वाटेने मला ओट्यावर आणून सोडलं.

संध्याकाळी चऱ्होलीला पोहोचले तेव्हा सर गॅलरीत खुर्चीवर होते. मी चप्पल काढता काढताच सगळं सांगून टाकलं. फांदी, कोयता, फडकं, तीन झाडं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. सांगून झाल्यावर मी वाट पाहत राहिले, आता ते विचारतील, कुठे, कुठल्या दिशेला, ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे. मला जेवढं माहीत होतं तेवढं मी सांगितलं असतं.

सरांनी ते विचारलं नाही. चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"काड्या किती होत्या?"

"दोनशे बारा," मी म्हणाले.

"परत मोजल्यास?"

"मोजल्या."

"मग बरोबर असणार," सर म्हणाले.